चुकलेल्या उत्तराला वाली कोण?

अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी राज्य घेतं त्या सीईटीच्या पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) ग्रुपच्या पेपरात पहिल्या ९० मिनिटांत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. तेवढ्यात प्रश्न वाचायचा, सूत्र आठवायचं, कच्चं काम करायचं, चारातला एक पर्याय निवडायचा आणि पुढं सरकायचं. याच मुलांनी थोड्याच आठवड्यांपूर्वी बोर्डाचा भौतिकशास्त्राचा पेपर दिलेला असतो. ७० गुण, तीन तास, त्यात बहुपर्यायी प्रश्न १० गुणांचे. बाकी व्याख्या, सिद्धता, आकृत्या आणि ओळखीची उदाहरणं. अभ्यासक्रम राज्य मंडळाचाच, पुस्तकंही तीच. तरी बोर्डात भरघोस टक्के मिळवणारं मूल सीईटीच्या पर्सेंटाइलमध्ये कुठल्या कुठं मागं पडतं आणि घरचे चक्रावून जातात. मग शोध सुरू होतो: पेपर अवघड निघाला, त्या दिवशीची शिफ्टच वाईट होती, मुलगा घाबरला. साधं कारण कुणी घेत नाही. त्या प्रकारच्या पेपरचा त्याला सराव नव्हता.

प्रवेश परीक्षेचे गुण सरावानं वाढतात. क्लासवाल्यांना हे पक्कं माहीत आहे, म्हणून तर ते सराव विकतात. पालकांनाही माहीत आहे, म्हणून ते कर्ज काढून तो विकत घेतात. कानावर हात ठेवून बसलंय ते ज्युनिअर कॉलेज. ‘आम्ही बोर्डाचं शिकवतो, सीईटी-नीटचं तुमचं तुम्ही बघा’ हे वाक्य अनुदानित कॉलेजांच्या स्टाफरूममध्ये इतक्या सहज बोललं जातं की त्यात काही वावगं आहे असंही कुणाला वाटत नाही. मी स्वतः अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो आणि मला त्यात बरंच वावगं दिसतं. ज्या गोष्टीवर मुलाचा प्रवेश ठरतो ती शिकवता येण्यासारखी असेल, तर ती शिकवणं हे ज्या संस्थेला सरकार पगार देतं तिचं काम आहे. पण त्याआधी सराव कशाला म्हणायचं हे नीट ठरवायला हवं, कारण बाजारात त्या नावाखाली जे मिळतं ते बरंचसं अर्धवट असतं.

आपल्या घरांत अभ्यास म्हणजे वाचन. मूल पुस्तक उघडून बसलं की आई निर्धास्त. उठलं की ‘वाचत बस जरा’. दुसऱ्यांदा वाचलं की उजळणी झाली, पिवळ्या मार्करनं रेघा मारल्या की तयारी झाली. २००६ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. मग काही उताऱ्यांच्या बाबतीत ते पुन्हा वाचायला सांगितले, काहींच्या बाबतीत कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहून काढायला सांगितलं. पाच मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा वाचणारे पुढं होते: त्यांना ८१ टक्के मजकूर आठवत होता, लिहून काढणाऱ्यांना ७५. एका आठवड्यानं चित्र उलटलं. वाचणारे ४२ टक्क्यांवर घसरले, आठवून लिहिणारे ५६ वर होते.

गोम आहे ती पहिल्या आकड्यात. पुन्हा वाचणाऱ्याला त्या क्षणी खरंच जास्त येत असतं. म्हणून त्याला वाटतं आपला अभ्यास झाला, आईलाही वाटतं झाला, आणि दोघंही प्रामाणिक असतात. आठवून लिहिणारा मात्र अडखळतो, त्याला आपल्याला येत नाही असं वाटत राहतं आणि तो कंटाळतो. म्हणजे उपयोगी पडणारी पद्धत करताना त्रास होतो आणि कुचकामी पद्धत गोड लागते. पुढं २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासलं. त्यातही स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांच्या अंतरानं विभागून करणं या दोन पद्धती वर राहिल्या, रेघा मारणं आणि पुन्हा वाचणं तळाला गेलं. सोळा-सतरा वर्षांचं पोर हे आपण होऊन शोधून काढेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. कुणीतरी त्याला ते करायला लावावं लागतं.

क्लास तेच करायला लावतात, असं कुणी म्हणेल. अर्धं खरं आहे. दर रविवारी टेस्ट, रात्री किंवा सोमवारी सकाळी पालकांच्या व्हॉट्सअॅपवर गुण आणि क्रमांक. बाप क्रमांक बघतो: मागच्या वेळी ३४, आता ५१. घरी बोलणी बसतात. पुढच्या रविवारी पुढची टेस्ट. या सगळ्यात तो पेपर, म्हणजे मुलानं नेमकं काय केलं आणि कुठं चुकलं, कुणी उघडून पाहिलेलाच नसतो. उत्तरतालिका पीडीएफमध्ये येते, मूल बरोबर-चूक मोजतं आणि फाइल मिटते.

चुकलेलं उत्तर उघडून बघितलं की काय दिसतं, त्याचं एक उदाहरण देतो. बारावीचा नेहमीचा प्रश्न आहे. एक कपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवणारी समोरासमोरच्या दोन पट्ट्यांची जोडी, बॅटरीला जोडून चार्ज केला, मग बॅटरी काढून टाकली, आणि नंतर त्याच्या पट्ट्यांमधलं अंतर दुप्पट केलं. साठलेल्या ऊर्जेचं काय होईल? पर्याय: निम्मी, तेवढीच, दुप्पट, चौपट. वर्गात बरेच हात ‘निम्मी’ला वर जातात. अंतर दुप्पट झालं की धारिता (चार्ज साठवायची क्षमता) निम्मी होते, ऊर्जेच्या पाठ सूत्रात धारिता आहे, म्हणून ऊर्जा निम्मी. बरोबर उत्तर ‘दुप्पट’ आहे. बॅटरी काढल्यामुळं पट्ट्यांवरचा चार्ज आता कुठं जाऊ शकत नाही, तो तेवढाच राहतो. व्होल्टेज मात्र वाढतं. चार्ज कायम धरून सूत्र मांडलं की ऊर्जा दुप्पट येते.

आता ‘निम्मी’वर खूण करणाऱ्या मुलांना एकेकाला विचारून बघा. एकानं घाईत ‘बॅटरी काढून टाकली’ हे वाचलंच नाही. त्याला विषय चांगला येतो. त्याला प्रश्नातल्या अटीखाली पेन्सिल फिरवायची सवय लावली की काम झालं. दुसऱ्यानं वाचलं, पण बॅटरी असण्या-नसण्यानं काय फरक पडतो हे त्याला कधी कळलेलंच नाही. त्याला धडा पुन्हा शिकवावा लागेल, आणखी पन्नास प्रश्न सोडवून उपयोग नाही, तो पन्नासही चुकवेल. तिसऱ्याला फरक कळतो, पण ऊर्जेचं एकच सूत्र पाठ आहे. त्याला दहा मिनिटं पुरतात. गुणपत्रिकेत तिघांनाही शून्य, आणि टेस्ट सिरीज तिघांनाही एकच औषध देते: पुढची टेस्ट. चौथा मुलगा तर अंदाजानं ‘दुप्पट’ लिहून मोकळा झालेला असतो. त्याची चूक उत्तरतालिकेला कधीच सापडत नाही.

म्हणून मी मुलांना चुकांची वही करायला लावतो. चुकलेला प्रश्न, आपण काय लिहिलं, का लिहिलं, आणि पंधरा दिवसांनी न बघता पुन्हा सोडवल्यावर काय झालं, एवढंच त्यात असतं. ‘का लिहिलं’ या रकान्यात मुलं आधी ‘सिली मिस्टेक’ लिहितात. ते मी खोडतो. काही आठवड्यांनी ‘सेंटिमीटरचं मीटर करायचं राहिलं’, ‘अयोग्य विधान विचारलं होतं, मी योग्य शोधलं’ असं लिहू लागतात आणि मग एकच चूक वहीत पुन्हा पुन्हा भेटते. गुण वाढायला सुरुवात होते ती इथून. पण ही वही कुणीतरी वाचावी लागते. इथंच क्लासचं गणित बसत नाही: शे-दीडशेच्या बॅचमध्ये प्रत्येकाची वही बघणं परवडत नाही, नवा पेपर छापणं परवडतं.

सरावात आणखी एक भाग येतो, त्याला काही जुने शिक्षक नाकं मुरडतात. तो म्हणजे पेपर देण्याचं तंत्र. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तरी मुलं प्रश्न कोरे सोडून येतात! गणिताच्या प्रश्नाला दोन गुण. बारा प्रश्न कोरे सोडले तर शून्य. डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी तीन बरोबर येतात, म्हणजे सहा गुण. वैद्यकीय प्रवेशाची नीट आणि अभियांत्रिकीची देशपातळीवरची जेईई मेन यांत बरोबरला चार आणि चुकीला उणे एक. तिथंही भीती गरजेपेक्षा जास्त आहे. चार प्रश्नांवर निव्वळ अंदाज मारला तर एक बरोबर, तीन चूक, हाती एक गुण उरतो. दोन पर्याय खात्रीनं बाद करता आले, तर दोन प्रश्नांमागं सरासरी तीन गुण. हे अकरावीच्या संभाव्यतेच्या धड्यातलं गणित आहे, पण परीक्षेच्या हॉलमध्ये ते कुणी वापरत नाही, कारण ‘येत नसेल तर सोडून दे’ हा संस्कार घट्ट बसलाय. अंदाजाला गुण मिळणं ही परीक्षेची लाजिरवाणी बाजू आहे, मान्य. पण ती लाज परीक्षा घेणाऱ्यांनी बाळगावी, देणाऱ्या पोरानं नव्हे.

कॉलेजनं स्वतः सराव घेणं ही काही नवी कल्पना नाही. लातूर पॅटर्न मुळात तोच होता. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या कॉलेजांनी जादा तास, प्रश्नसंच आणि पाठोपाठ चाचण्या यांच्या जोरावर बोर्डाच्या गुणवत्ता यादीत मराठवाड्यातली मुलं आणली, तेव्हा पुण्या-मुंबईकडच्या मंडळींनी ‘घोकंपट्टीचा कारखाना’ म्हणून त्याची टर उडवली. टीकेत तथ्य होतंच. आदर्श उत्तरं पाठ करून घेण्याला शिक्षण म्हणता येत नाही. पण एक गोष्ट टीकाकारांच्या नजरेतून सुटली. तो सराव कॉलेजातले प्राध्यापक कॉलेजातच घेत होते. पुढं नीट आली, क्लास वाढले, आणि आज त्याच शहरात जिल्ह्याजिल्ह्यांतून मुलं येतात ती क्लाससाठी, होस्टेल आणि मेसचा खर्च सोसून. पद्धत टिकली, पण तिची मालकी बदलली.

कॉलेजांनी सोडलेली ही जागा कशी भरली गेली हे बघायचं तर ‘टाय-अप’ आणि ‘इंटिग्रेटेड’ कॉलेजं बघावीत. प्रवेश एका कॉलेजात, हजेरी कागदावर, मूल दिवसभर क्लासमध्ये, प्रयोगशाळेचं तोंड थेट प्रात्यक्षिक परीक्षेला. सरकारनं २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या ज्युनिअर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासमध्ये प्रवेश देऊ नये असं सांगितलं. दोन्ही उपाय मूल कुठं बसलंय याची काळजी करतात. मूल कॉलेजातून उठून का गेलं, हा प्रश्न त्यांना शिवत नाही. त्याला जे हवं होतं ते कॉलेजात मिळत नव्हतं, म्हणून गेलं. अंगठा लावायला ते परत येईलही. शिकायला येण्यासाठी आत काहीतरी असायला हवं.

यावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. पहिला म्हणजे कॉलेजच परीक्षेसाठी शिकवू लागलं तर विषय कोण शिकवणार? मला हा आक्षेप बोर्डाच्या शिक्षकांकडून ऐकताना गंमत वाटते, कारण ‘हे मागच्या वर्षी आलंय, हे येणार नाही’ असं सांगत धडे गाळणारे आपणच आहोत. पण मुद्दा गंभीर आहे. वरच्या कपॅसिटरकडे पुन्हा बघा. बॅटरी काढलेली, तरी ऊर्जा दुप्पट झाली, मग ती आली कुठून? पट्ट्या एकमेकींना ओढत असतात, त्या लांब नेताना आपण जे कार्य केलं त्यातून. एखाद्या मुलीनं हा प्रश्न विचारला की त्या तासाला मी पुढचं काही घेत नाही. चुकलेल्या उत्तरावर नीट बोलणं आणि विषय शिकवणं ही दोन वेगळी कामं नाहीत. वेगळं आहे ते पर्यायांच्या युक्त्या घोटून घेणं, आणि ते क्लासवर सोडायला माझी ना नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. पर्सेंटाइल म्हणजे इतरांच्या तुलनेतली जागा. समजा चार लाख मुलं बसली, तर ९५ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढं वीसेक हजार असणारच. सगळ्यांनी सराव केला तरी मुंबईच्या व्हीजेटीआय किंवा पुण्याच्या सीओईपी या नावाजलेल्या अभियांत्रिकी संस्थांच्या जागा वाढणार नाहीत. मग कॉलेजांनी घाम गाळून मिळवायचं काय? जागा वाढणार नाहीत, हे खरं. पण त्या जागांवर कोण बसतं ते बदलू शकतं. आज ते बऱ्याच अंशी फी आणि वेळ यांवर ठरतं. ‘ड्रॉप’ घेणं, म्हणजे बारावीनंतर वर्षभर थांबून परीक्षा पुन्हा देणं, हे त्याचं उघड उदाहरण. नीट कितीही वेळा देता येते, जेईई मेन सलग तीन वर्षं. रिपीटर बॅचमध्ये एक वर्ष घालवणं म्हणजे एका वर्षाचा सराव विकत घेणं, आणि ते ज्याला परवडतं तोच घेतो. तमिळनाडूत न्या. ए. के. राजन यांच्या समितीनं २०२१ मध्ये नीटचा अभ्यास केला, तेव्हा वैद्यकीय प्रवेशांत अशा पुन्हा बसणाऱ्या मुलांचा वाटा कसा वाढत गेला हे दाखवून दिलं होतं. त्या समितीचा निष्कर्ष नीटच रद्द करण्याकडे झुकणारा होता. मी तिथपर्यंत जात नाही. परीक्षा राहणार असतील, तर त्यांचा सराव बाजारातली वस्तू राहू नये, एवढंच म्हणतो.

साधनं नाहीत, हे कारण आता चालणार नाही. जेईई-नीटच्या मागच्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. आयआयटी कानपूरनं शिक्षण मंत्रालयासाठी चालवलेलं ‘साथी’ हे संकेतस्थळ आहे. महाज्योतीसारखी राज्य सरकारची संस्था ओबीसी आणि भटक्या-विमुक्त समाजांतल्या मुलांना मोफत प्रशिक्षण आणि टॅब देते. टॅब चांगलाच आहे. पण टॅबवर व्हिडिओ बघणं म्हणजे पुन्हा ते गोड लागणारं वाचनच, फक्त पडद्यावरचं. मुलानं ‘निम्मी’ का लिहिलं, हे टॅब विचारत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं आणखी एक दुखणं आहे, ते या चर्चांत येतच नाही. दहावीपर्यंत विज्ञान मराठीत आणि अकरावीला एकदम इंग्रजीत. सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतही मिळतात, गणिताचे फक्त इंग्रजीत. पण दोन वर्षं इंग्रजीत शिकल्यावर मराठी पेपरातले पारिभाषिक शब्दही त्याला परके वाटतात, आणि इंग्रजी वाचायचा वेग अजून आलेला नसतो. ५४ सेकंदांतली वीस-पंचवीस वाचण्यातच जातात. या मुलाला भौतिकशास्त्राच्या आणखी शिकवणीची गरज नाही. त्याला रोज पाच प्रश्न इंग्रजीत मोठ्यानं वाचून ‘दिलंय काय, विचारलंय काय’ हे सांगायला लावलं पाहिजे. कुठल्याही क्लासच्या पॅकेजमध्ये हे मिळत नाही, कारण क्लासला हा मुलगा टॉपरच्या फ्लेक्सवर नकोच असतो.

करायचं काय, ते फार मोठं नाही. विज्ञान शाखेच्या वेळापत्रकात आठवड्याला प्रत्येक विषयाचा एक तास चुकलेल्या उत्तरांसाठी. पंधरा दिवसांतून एक चाचणी, जास्त नको. एका तुकडीत ८० किंवा १२० मुलं असतात, त्यामुळं सगळ्या वह्या एकटा शिक्षक बघू शकणार नाही, हे मला माझ्याच टेबलावरच्या गठ्ठ्यावरून ठाऊक आहे. वीस-वीस मुलांचे गट पाडून, प्रात्यक्षिकाच्या बॅचसारखेच, आळीपाळीनं बघता येतात. त्यासाठी रिक्त पदं भरावी लागतील आणि शिक्षकांना निवडणूक, जनगणना, सर्वेक्षण यांतून थोडं मोकळं करावं लागेल. पगार देणाऱ्यानं एवढं करावं. उरलेलं आम्ही करावं, आणि ‘ते क्लासवाले बघतील’ हे वाक्य स्टाफरूममधून हद्दपार करावं.

हे सगळं कॉलेजच्या वेळेतच व्हायला हवं, यावर मी अडून बसेन. जादा तास सकाळी सातला किंवा संध्याकाळी सहाला ठेवले की वर्गात कोण उरतं ते मी बघतो: गावातली मुलं, ज्यांच्याकडे दुचाकी आहे ती. आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीच्या मोफत पासवर येणाऱ्या मुली त्या वर्गात नसतात. त्यांना क्लाससाठी लातूरला किंवा राजस्थानातल्या कोट्याला ठेवायला घरचे तयार नसतात, ड्रॉप घ्यायचा विषय काढला तर घरात लग्नाचा विषय निघतो, आणि त्यांची शेवटची गाडी सव्वापाचला सुटते. वेळापत्रक करायला बसताना आधी एसटीचं वेळापत्रक समोर ठेवावं आणि चुकांचा तास दुपारी दोनला लावावा.